मिलिंद : भुंगा की मेनान्द्रोस?

शब्दवेडा
बाळांच्या नावांच्या एका यादीत काल वाचलं : मिलिंद हे शुद्ध संस्कृत नाव, अर्थ भुंगा, ग्रीक राजा मेनान्द्रोसशी (इंग्रजीत मिनँडर) संबंध म्हणजे ओढाताण, आणि 'मिनँडर' म्हणजे माणसांचा राजा. एवढ्याशा मजकुरात इतकं चुकलंय की सविस्तर लिहिणं भाग आहे.

मेनान्द्रोस = मेनो (थांबणं, तग धरणं) + आनेर (पुरुष; षष्ठीत आन्द्रोस). यात राजा कुठेच नाही. होमरकडे मेनो शत्रूपुढून न हटण्यासाठी येतं, मेनेलाओस या नावातही तेच आहे. अलेक्सान्द्रोस म्हणजे माणसांचं रक्षण करणारा, तसा मेनान्द्रोस म्हणजे माणसांपुढे ठाण मांडून उभा राहणारा. आजच्या ग्रीसमध्ये हे नाव क्वचितच ठेवतात. आणि कृपा करून 'मिनँडर' लिहू नका, तो इंग्रजी उच्चार आहे.

भृंग
'राजा' हा अर्थ खोडा, हरकत नाही. पण अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अलेक्सान्द्रोसचा 'अलिकसुदर' झाला. शेपूट तेच आन्द्रोस, मग तिथे 'इंद' का नाही? मिलिंद म्हणजे भुंगा हा शब्द संस्कृत काव्यात रीतसर आहे. ग्रीकांना प्रत्येक ठिकाणी घुसवायची ही खोड सोडा आता!

शब्दवेडा
अमरकोश उघडा. मधुव्रत, मधुकर, मधुलिह्, मधुप, अलिन्, द्विरेफ, पुष्पलिह्, भृंग, षट्पद, भ्रमर, अलि. भुंग्याची अकरा नावं, मिलिंद त्यात नाही. काव्यातला तो शब्द नंतरचा. 'मिलिंदपञ्ह' या पाली बौद्ध ग्रंथातला मिलिंद राजा, म्हणजे आपला मेनान्द्रोसच, मात्र सागल नगरीत, म्हणजे सियालकोटात, नागसेन या भिक्खूला प्रश्न विचारतोय.

अलिकसुदर हा राजाच्या कचेरीतला लेखी उतारा. मिलिंद तोंडोतोंडी घडला. 'न्द्र'चा 'न्द' पालीत नेहमीचा, इंद्रचा इंद होतो तसा. 'इंद' हे शेपूटही त्याच ओळखीच्या शब्दाच्या ओढीने आलं. काश्मिरी संस्कृत कवी क्षेमेंद्राकडे तर र टिकलेला 'मिलिंद्र' आहे. राहिला न-चा ल. जवळ दुसरं अनुनासिक असलं की न निसटतो. निंबाचं लिंब झालं, तेच इथे.

नाणेवाला
मूळ रूप नाण्यावरच आहे, पण ते वाचताना निम्मे लोक चुकतात. या राजाचं सुमारे 2.4 ग्रॅमचं चांदीचं द्राख्म, म्हणजे ग्रीक पद्धतीचं नाणं, घ्या. पुढे ग्रीकमध्ये 'बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू', मागे वज्र फेकणारी ग्रीक देवी अथेना आणि खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. दोन्हींचा अर्थ एकच : तारणहार राजा मेनान्द्रोसचं. 'मेनान्द्रू' हे नाव नव्हे, षष्ठी आहे : 'मेनान्द्रोसचं'. खरोष्ठीतला शेवटचा 'स' तेच काम करतो. खरोष्ठी उजवीकडून डावीकडे वाचायची, आणि तीत दीर्घ स्वर दाखवत नाहीत. म्हणून 'मेनंद्र' पाहून मूळ उच्चार ऱ्हस्व होता असं ठरवू नका. ठसा नाण्यापेक्षा मोठा असला की कडेची अक्षरं बाहेर जातात. मग लोक उरलेल्यावरून अंदाजाने नाव पुरं करतात आणि नवाच राजा जन्माला घालतात.

भृंग
धागा नावाचा आहे, नाण्यांचा नाही!

नाणेवाला
नाव त्याच्या हयातीत कसं लिहीत ते दुसरीकडे कुठे दिसणार? बाजौरला (आता पाकिस्तानात) सापडलेल्या बौद्ध अस्थिकरंडकावर 'मिनेद्रस' आहे : पहिल्या अक्षरात ए-चा इ, दुसऱ्यात आ-चा ए. मिलिंदच्या वाटेवरचाच टप्पा.

भृंग
त्या करंडकावरच्या लेखाबद्दल अभ्यासकांनी शंका घेतल्यात, तेही सांगा.

नाणेवाला
घेतल्यात. म्हणून मी आधी नाणं ठेवलं.

वाचक_छसं
आमच्याकडे मराठवाड्यात हा वाद होतच नाही. डॉ. आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादेत सुरू केलेल्या कॉलेजाचं नाव मिलिंद महाविद्यालय, परिसर नागसेनवन. दोन्ही नावं शेजारी ठेवल्यावर भुंगा कुणाच्या मनात येईल?

भृंग
तिथे राजाच, मान्य. अमरकोशाचंही मान्य, पडताळून पाहिलं. पण कवितेतून मिलिंद उचलणाऱ्या आईबापांचा अर्थ भुंगाच राहतो, तो कुणी खोटा ठरवू नये.

शब्दवेडा
ठरवत नाही. यादीत दोन ओळी हव्यात : संस्कृत मिलिंद, भुंगा, पाली मिलिंद, ग्रीक मेनान्द्रोस, ठाम उभा राहणारा. 'माणसांचा राजा' मात्र काढाच.