रोजचे स्वयंचलित नेटवर्क अहवाल बंद करावेत का?

धागाकर्ता
आमचे देखरेखीचे सॉफ्टवेअर रोज सकाळी सात वाजता अकरा अहवाल तयार करून चौदा जणांना मेल करते. काल जुने मेल तपासले, तेव्हा सहा महिन्यांत एकाही अहवालावर कुणी एक ओळीचीही विचारणा केलेली आढळली नाही. हे अहवाल बंद करून अलर्ट नीट लावावेत आणि अहवाल लागेल तेव्हाच काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अहवाल कुणी वाचत नाही, एवढीच माझी तक्रार नाही. त्यातला आकडा दिशाभूल करतो, हे मला अधिक गंभीर वाटते. एका शाखेची १० एमबीपीएसची (सेकंदाला १० मेगाबिट) लीज्ड लाइन, म्हणजे फक्त तिच्यासाठी भाड्याने घेतलेली जोडणी, बॅकअपच्या वेळी ४० सेकंद पूर्ण भरते आणि एरवी २ एमबीपीएसवर चालते. एसएनएमपीने (नेटवर्क उपकरणांकडून आकडे मागवण्याची प्रमाणित पद्धत) दर पाच मिनिटांनी नोंद घेतली, की त्याची सरासरी क्षमतेच्या साधारण ३१ टक्के येते. काउंटरवरचा माणूस स्क्रीन अडकल्याचे सांगत असतो आणि आम्ही त्याच्यापुढे हा हिरवा आलेख धरतो.

प्रतिसाद १
असहमत. ठरवलेली मर्यादा ओलांडली, की अलर्ट येतो. पण वर्षभरात ५५ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर सरकलेली लाइन किंवा एखाद्या पोर्टवर हळूहळू वाढणाऱ्या सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाच्या चुका) अहवालावाचून लक्षात येत नाहीत. शिवाय ‘लागेल तेव्हा’ म्हणाल, तर तोवर बारीक तपशील शिल्लक असेलच असे नाही. एमआरटीजी (लाइनच्या वापराचे आलेख काढणारे सॉफ्टवेअर) पाच मिनिटांच्या नोंदी सुमारे दोन दिवसच ठेवते आणि त्यापुढे त्यांच्या सरासऱ्या करत जाते.

सेवापुरवठादाराशी वाद झाला, तेव्हा हे मी स्वतः अनुभवले आहे. करार ९९.५ टक्क्यांचा होता, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ३ तास ३६ मिनिटांपर्यंतच लाइन बंद राहणे क्षम्य होते. त्यांनी आमचा दावा नाकारला. मात्र रोजच्या रोज जपून ठेवलेले अहवाल समोर ठेवल्यावर त्यांना बिलात सूट द्यावी लागली.

प्रतिसाद २
अहवाल म्हणजे लॉग (यंत्रणेने आपोआप लिहिलेल्या कच्च्या नोंदी) नव्हेत, एवढे दोघांनीही लक्षात घ्यावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात. पीडीएफचा गठ्ठा दाखवून ती अट पूर्ण होत नाही.

धागाकर्ता
पुराव्याचा मुद्दा मला मान्य आहे. अहवाल तयार होऊन सर्व्हरवर जमा होऊ देत; मेल मात्र बंदच हवेत. त्यात सरासरीशेजारी कमाल मूल्याचा रकानाही हवा. झॅबिक्स हे देखरेखीचे सॉफ्टवेअर तासागणिक किमान, सरासरी आणि कमाल अशी तिन्ही मूल्ये जपून ठेवते.

प्रतिसाद १
रकाना जरूर घाला, पण तेवढ्याने तुमच्या शाखेचे दुखणे दिसणार नाही, कारण ती कमाल मूल्येसुद्धा पाच-पाच मिनिटांच्या सरासऱ्यांमधूनच निवडली जातील. त्या एका लाइनची नोंद दर मिनिटाला घ्या. ते ४० सेकंद एकाच मिनिटात आले, तर आकडा ७३ टक्क्यांपर्यंत जाईल. मेलबाबत मात्र माझा विरोध कायम आहे. चौदा जणांऐवजी एकालाच पाठवा आणि अहवाल पाहिल्याची नोंद त्याच्याकडून रोज घ्या.