सहा महिन्यांची बाळंतरजा, पगार मालकाच्या खिशातून: यात बायकांचं भलं झालं का?

खुला_बाजार: 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 वर गेली. ऐकायला छान. पण हा पगार सरकार देत नाही, मालक देतो. माझं डिझाइनचं ऑफिस आहे, 24 माणसं. सारख्याच लायकीचे दोघं समोर बसले, एक मुलगा आणि एक नुकतं लग्न झालेली मुलगी, की मनात हिशोब सुरू होतोच. लाज वाटते, पण होतो. कायद्याने तिची किंमत वाढली नाही, तिला ठेवून घेणं महाग झालं. पगार-रजा दोघांनी बसून ठरवू द्या की.

मीनल_प: 'दोघांनी बसून' वाचून हसू आलं. माझ्या पहिल्या मुलाखतीत 'लग्नाचं काय ठरलंय?' विचारलं होतं. तेव्हा रजा 12 आठवडेच होती! आणि माहिती अर्धी देताय. महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेली बाई ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळात, असेल तर रजेचे पैसे ईएसआयसी देते. त्यासाठी मालक पगाराच्या 3.25 टक्के भरतो, आणि पुरुषासाठीही तेवढेच भरतो. मग तिथे तुमचा हिशोब कुठे बसतो? दोष रजेचा नाही, बिल एकट्या मालकाच्या नावावर फाडण्याचा आहे.

बांधावरून: कायद्यांचं कौतुक आम्हाला सांगू नका. समान मोबदल्याचा कायदा 1976 चा. आमच्याकडे अजून निंदणीला बाईची हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, कमी, फवारणीला गड्याची जास्त. कापूस वेचणी मात्र किलोवर. काटा बाई-गडी बघत नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 1986 ला चांदवडला बायकांचं अधिवेशन भरवलं, पुढे लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमिनी केल्या. सरकारच्या जीआरमुळे नाही. हेच जोशी 2010 ला राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विरोधात एकटे उभे राहिले, 186 विरुद्ध 1. त्यांना बाईचे वैरी म्हणणार का?

मीनल_प: वैरी नाही म्हणणार. पण लक्ष्मीमुक्ती ही चळवळ होती दादा, गावोगाव फिरून केलेली. ती बाजाराच्या खात्यावर जमा करू नका. आणि काटा बघत नसेल, पण निंदणी बाईची नि फवारणी गड्याची हे ठरवलं कोणी? दिवसभर वाकून कंबर मोडते ते काम स्वस्त, पाठीवर पंप घेतला की महाग.

बांधावरून: पंपात विष असतं ताई. 2017 ला यवतमाळात फवारणीने माणसं मेली. जास्तीचे पैसे त्या जोखमीचे आहेत.

मीनल_प: हे मान्य. पण पंप नसतो तेव्हाही गड्याची हजेरी जास्तच असते ना?

बांधावरून: असते. नाही म्हणत नाही.

खुला_बाजार: ईएसआयसीचा मुद्दा मला लागला. माझ्याकडे 21 हजारांच्या आत दोघंच आहेत, म्हणून डोक्यात आलं नव्हतं. पण मर्यादा काढून सगळ्यांनाच वर्गणीत ओढायचं म्हणाल तर ती पुन्हा सक्तीच झाली. त्या मागणीवर सही मागायला आलात तर देणार नाही. कुरकुर मात्र आतापेक्षा कमी करीन.