बास गिटारसाठी शिक्षक हवेत, पण ट्रायल क्लासमध्ये नेमकं काय बघायचं? (वय चाळिशीपुढे)

मंडळी, बास वाजवणाऱ्यांचा, शिकवणाऱ्यांचा सल्ला हवाय.

बरीच वर्षं हौसेखातर कानानंच वाजवतोय. मित्रांच्या बँडमध्ये रूट आणि फिफ्थवर (कॉर्डचा मूळ स्वर आणि त्याचा पंचम) गाणं निभतं. पण ड्रमर जरा मागे रेलून वाजवायला लागला की मी पुढे पळतो, आणि सातव्या फ्रेटच्या (दांड्यावरच्या धातूच्या पट्टीच्या) वर कुठला स्वर कुठे, हे चाचपडत शोधावं लागतं. म्हणून नीट शिकायचं ठरवलंय. नोकरी सांभाळून आठवड्याला एक तास जमेल, रोजचा रियाज अर्धा तास धरा.

आतापर्यंत भेटलेले बहुतेक जण मुळात गिटारवाले, बास जोडीला शिकवणारे. त्यातल्या एका सरांनी पहिल्या फ्रेटपासूनच ‘एका बोटाला एक फ्रेट’ धरायला लावलं. गिटारची स्केल लांबी (तारेचा वाजणारा भाग) साधारण २५ इंच, माझ्या बासची ३४. तिथं चार बोटं ताणली की मनगट भरून येतं. डबल बासवाले (उभं धरून वाजवायचं ते मोठं व्हायोलिनसारखं वाद्य) खालच्या भागात पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात, तिसरं फक्त आधाराला. तसं चालेल का विचारलं, तर उत्तर आलं, “होईल सवयीनं.” या वयात हाताला असल्या सवयी लावायला मी तयार नाही, स्पष्टच सांगतो.

उजव्या हाताचंही तेच. दोन बोटं आलटून पालटून, हा जणू कायदाच. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा नावाजलेला बासवादक जेम्स जेमर्सन एका तर्जनीवर वाजवायचा! मी काही जेमर्सन नाही, पण नियमामागचं कारण तरी कुणी सांगेल की नाही?

ऑनलाइनचाही विचार केला. मोकळी ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. लॅपटॉपच्या स्पीकरमधून तो मूळ स्वर जवळपास येतच नाही, वरचे हार्मोनिक्स तेवढे कानावर पडतात. हेडफोन आणि ऑडिओ इंटरफेसनं (बास लॅपटॉपला जोडायचं यंत्र) ते सुटेल. पण आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे सरांबरोबर एकत्र वाजवता येत नाही, आणि माझं दुखणं तर लयीचंच आहे. मी वाजवलेलं रेकॉर्ड करून आधी पाठवायचं आणि क्लासमध्ये त्यावर बोलायचं, असं कुणी करतं का? उपयोग होतो?

बँडमधला एक मित्र म्हणतो, बासचा शिक्षक शोधूच नकोस, सहा महिने एखाद्या ड्रमरकडे जा. आधी हसलो, आता पटायला लागलंय. फ्रेटबोर्ड काय, पुस्तक घेऊन घरीही पाठ करता येईल; किक ड्रमवर (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमवर) नेमकं बसणं आणि स्वर वेळेवर तोडणं मात्र समोर माणूस असल्याशिवाय जमेलसं वाटत नाही. असं कुणी केलंय का?

आणि पहिल्या भेटीत शिक्षकांना “मेट्रोनोमवर तुम्ही दोन मिनिटं वाजवून दाखवा” म्हटलं तर उद्धटपणा होईल का? शिकवणाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगा, कुणी मला असं म्हटलं तर मला राग येणार नाही, पण मी शिकवत नाही.