लिपिडला पीएमटी (पुण्याची सिटी बस) लागतेच का?

पेशवेपेशी (धागाकर्ता):
काल इथे 'बारावी बायो एका दमात' या नावाने नोट्स फिरल्या. त्यातलं एक वाक्य वाचून चहा गार झाला : "लिपिड एका पटलावरून दुसऱ्यावर पुटिकांतून जातात, उरलेले विसरणाने आपोआप." (लिपिड म्हणजे पेशीतले तुपकट रेणू, पटल म्हणजे त्यांचा पातळ पडदा, पुटिका म्हणजे पडद्याच्याच इवल्या पिशव्या, विसरण म्हणजे नुसतं पसरत जाणं.)

आपोआप? अहो, त्या बिचाऱ्याच्या दोन्ही शेपट्यांना पाणी वर्ज्य. लांब शेपट्यांचा फॉस्फोलिपिड स्वतःहून पटल सोडून निघायचा म्हटलं तर तास जातात, कधी दिवस. आणि मायटोकॉन्ड्रियाचं काय? ईआरहून, म्हणजे लिपिड बनवणाऱ्या पेशीतल्या जाळीहून, तिकडे पुटिकांची गाडी जातच नाही, तरी लिपिड पोचतात. विर्ट्झ आणि झिल्व्हरस्मिट या संशोधकांनी १९६८ मध्येच उंदराच्या यकृतातून दाखवलं होतं की पेशीद्रवातली विरघळणारी प्रथिनं ही देवाणघेवाण घडवतात. अजून किती वर्षं थांबायचं?

फळाखडू:
त्या नोट्स माझ्याच आहेत. बावीस वर्षं शिकवतोय. मुलाला 'नीट'मध्ये चार मार्क हवेत, विर्ट्झ नको. २०१३चं नोबेल पुटिकांनाच मिळालं ना? रॉथमन, शेकमन, स्युडहोफ काय वेडे होते? आणि 'ईआर' कशाला? आंतर्द्रव्यजालिका म्हणायला जीभ अडखळते का?

पेशवेपेशी:
काका, पुटिकांची पीएमटी धावत नाही असं कोण म्हणतंय? पण गावात रिक्षाही आहेत. सर्ट हे प्रथिन सेरामाइड नावाचं लिपिड खिशात घालून ईआरहून गोल्गीला, म्हणजे पेशीच्या माल वाटणाऱ्या ठाण्याला, सोडतं. ओएसबीपी हे दुसरं प्रथिन तर अस्सल रिक्षावाला, रिटर्न भाड्याशिवाय निघत नाही : जाताना कोलेस्टेरॉल, येताना पीआय४पी हे दुसरं लिपिड. ते पीआय४पी गोल्गीत एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून बनतं आणि ईआरमध्ये सॅक१ हे विकर ते मोडतं, म्हणून फेरी चालू राहते. तुमचं 'आपोआप' इथे कुठे बसतं?
आणि दोन पटलं १०-३० नॅनोमीटरवर आली की व्हीपीएस१३, एटीजी२ सारखी प्रथिनं चक्क पूल टाकतात. आतून पाणी टाळणारी पन्हळ, लिपिड त्यातून घसरत जातं.

औंधचा_त्रस्त:
पूल म्हणालात म्हणून. पुण्यात विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडला, तेव्हापासून माझी सकाळ तिथेच गेली. पेशीला जमतं ते आपल्याला का नाही?

नारायणपेठी:
जुना पूल होता तेव्हा तरी कुठे उडत जात होतात? पूल म्हणजे लकडी पूल. १७६१चा, पानिपतानंतरचा.

औंधचा_त्रस्त:
त्यातलं एक लाकूड तरी शिल्लक आहे का आता? नाव तेवढं उरलंय. बाहेरच्यांनी औंधवर बोलू नये.

नारायणपेठी:
बाहेरचे?? औंध पुण्यात कधी आलं ते आधी बघा.

पेशवेपेशी:
अवांतर आवरा हो.

औंधचा_त्रस्त:
पुलाचा विषय तुम्हीच काढलात.

टीएलसी_ताई:
दोघांनाही सांगते. पीएचडीची चार वर्षं मी रात्री आयोडीनच्या डब्यात लिपिड वेगळे करायच्या काचपट्ट्या ठेवून बसायचे. आधी काहीच नाही, मग कडेने पिवळट तपकिरी ठिपके उमटतात, आणि हवा तो ठिपका नेमका फिकट.
काका, ब्रेफेल्डिन ए हे रसायन टाकून पुटिकांची वाट अडवली, गोल्गी विस्कटली तरी नवं कोलेस्टेरॉल पेशीच्या बाहेरच्या पटलापर्यंत पोचतं. तुमचं वाक्य तिथेच पडतं.
पण पेशवे, तुम्हीही फार उडू नका. पुलाची रचना दिसली, जनुक बिघडल्यावर काय होतं तेही दिसलं. जिवंत पेशीत लिपिड कुठल्या दिशेने आणि कशाच्या जोरावर वाहतं यावर अजून भांडण चालू आहे. "घसरत जातं" इतकं सोपं नसतं.

पेशवेपेशी:
बरं. "घसरत" मागे घेतो. बाकी एक शब्द नाही.

मामेबहीण:
मी सहसा लिहीत नाही. माझ्या मामेभावाचे पाय तिशीत आपोआप हलायला लागले. जेवताना जीभ चावली जायची, म्हणून मामी वरणभात अगदी पातळ कालवून द्यायची, वर चमचाभर तूप. एका डॉक्टरांनी "मनाचं आहे" म्हणून दोन वर्षं गोळ्या दिल्या. मग दुसऱ्या कुणीतरी रक्ताचा थेंब काचेवर पसरून पाहिला. लाल पेशी काटेरी. जनुक निघालं व्हीपीएस१३ए. वर ज्या पुलांवरून चेष्टा चाललीय ना, त्यांतलाच एक.

फळाखडू:
मामेबहीण, हे माहीत नव्हतं.
पेशवे, उद्या 'आपोआप' खोडतो आणि एक ओळ वाढवतो. परीक्षेत नाही आलं तर पालकांना तुमच्याकडे धाडीन. आणि ओळ आंतर्द्रव्यजालिकेनेच सुरू होईल.

पेशवेपेशी:
चालेल. मायटोकॉन्ड्रियाला तंतुकणिका म्हणा हवं तर, पण तिकडे पुटिका पाठवू नका.

नारायणपेठी:
औंधकर गेले वाटतं. चौकात अडकले असतील.