फ्रीडरिखचे खडूचे कडे: अर्थ शोधायचे की नुसतं बघायचं?

कडेलोट: जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिखचं ‘र्‍यूगेनचे खडूचे कडे’ (१८१८ च्या सुमाराचं; र्‍यूगेन हे जर्मनीतलं बेट) हे चित्र निघालं की लोक सुरू होतात: बाईचा लाल झगा म्हणजे प्रेम, अमका रंग म्हणजे श्रद्धा. डोक्यात जातं हे. आधी बघा तरी! वर झाडांची महिरप, खाली पांढरेफटक सुळके आणि त्यांच्यामागे थेट समुद्र. मधला किनारा दाखवलेलाच नाही, म्हणून पोटात खड्डा पडतो. मधले गृहस्थ तर टोपी बाजूला टाकून चक्क रांगत कड्याशी गेलेत. मीही तेच केलं असतं.

तिरकस: फार बेतलेलं वाटतं मला. असा कडा तिथे नाहीच. रेखाटनं वेगवेगळ्या जागांची, जुळवणी ड्रेस्डेनला घरी बसून. पर्यटक र्‍यूगेनवरच्या विसोवर क्लिंकेन या खडूच्या सुळक्यांना ‘हाच तो’ म्हणत फोटो काढायचे. ते सुळके फ्रीडरिखच्या काळात तसे नव्हतेच, आणि २००५ मध्ये कोसळलेसुद्धा.

कडेलोट: बरं मग? चित्र आहे ते, तलाठ्याचा नकाशा नाही.

जुनीपेटी: @कडेलोट, अर्थ नको म्हणता, पण उजवीकडचा माणूस बघा. हाताची घडी, नजर दूर समुद्रावर, अंगात ‘जुना जर्मन’ पोशाख. नेपोलियन गेल्यावर राजेरजवाडे पुन्हा घट्ट बसले, तेव्हा हा पोशाख घालणं म्हणजे एकसंध, मोकळ्या जर्मनीची बाजू घेणं होतं. १८१९ च्या कार्ल्सबाड ठरावांनंतर (विद्यापीठं आणि छापखान्यांवर लगाम घालणारे जर्मन राज्यांचे ठराव) तर तो सरकारला चांगलाच खुपायला लागला. हे माहीत नसेल तर तो नुसता कंटाळलेला पाहुणा दिसेल.

तिरकस: १८१८ मध्येच फ्रीडरिखचं लग्न झालंय, नव्या बायकोला बेट दाखवायला नेलंय, आणि हे त्यात राजकारण शोधतायत! _/\_

जुनीपेटी: लग्न झालं की मतं सोडायची असतात का?

झ्युरिकवासी: मूळ चित्र इथे जवळच, स्वित्झर्लंडमधल्या व्हिंटरटूरला आहे. उंची जेमतेम ९० सेंमी, मोबाइलवर उगाच भव्य वाटतं. माझ्या पोटात खड्डाबिड्डा पडला नाही. उलट नजर वर चढत गेली, कारण क्षितिज पार वर घेतलंय. दोन इवल्या शिडाच्या होड्या आहेत म्हणून, नाहीतर समुद्र कुठला आणि धुकं कुठलं, कळणार नाही.

कडेलोट: क्षितिज वर आहे म्हणूनच तर दरी खोल वाटते! होड्या बोटाने झाकून बघा.