स्क्रू पान्याचे फोर्जिंग : ‘डाय’, ‘पंच’, ‘साचा’ आणि ‘ठसा’ यांचा नेमका वापर

प्रश्न

हातअवजारांच्या कारखान्यातील नव्या कामगारांसाठी मी एक मराठी पुस्तिका लिहीत आहे. स्क्रू पान्याचे भाग डाय आणि पंच वापरून कसे तयार करतात, हा तिचा विषय आहे. ‘डाय’साठी ‘साचा’, ‘पंच’साठी ‘ठसा’ आणि ‘फोर्जिंग’साठी ‘घडाई’ असे शब्द मी योजले असून, ‘पोलाद साच्यात ओतून ठशाने दाबले जाते’ असे एक वाक्य लिहिले आहे. हे शब्द योग्य आहेत का?

प्रतिसाद

आधी ‘ओतून’ हा शब्द काढावा, कारण त्या एका शब्दाने प्रक्रियाच बदलते. मराठीत ओतीव आणि घडीव हा भेद जुना आहे आणि पक्का आहे : वितळलेला धातू साच्यात ओतून थंड होऊ दिला की वस्तू ओतीव, आणि घन धातू तापवून, ठोकून आकाराला आणला की वस्तू घडीव. बिडाचा तवा ओतीव असतो, विळा घडीव असतो. चांगला स्क्रू पाना घडीवच असतो. त्याचे पोलाद भट्टीत साधारण ११०० ते १२५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. तेवढ्या उष्णतेत ते पिवळेधमक आणि मऊ होते, पण वितळत नाही. ठोकताना पोलादाच्या तंतुरेषा वस्तूच्या आकाराबरोबर वळतात, आणि पान्यावर जोर दिला असता जिथे सर्वाधिक ताण येतो, त्या जबड्याच्या मुळाशी याचा फायदा मिळतो. हे ओतकामात साधत नाही.

‘साचा’ हा शब्द मला याच कारणाने खटकतो. साचा म्हटले की गणपतीच्या मूर्तीचा किंवा ओतशाळेतला वाळूचा साचा डोळ्यांपुढे येतो, म्हणजे ज्यात पातळ माल आपोआप पसरतो अशी पोकळी. फोर्जिंगची डाय म्हणजे पोलादाचे दोन जड ठोकळे. खालचा ठोकळा ऐरणीच्या जागी घट्ट बसवलेला असतो आणि वरचा यांत्रिक घणाबरोबर खाली आदळतो. प्रत्येकात पान्याचा अर्धा अर्धा आकार कोरलेला असतो. माल येथे आपोआप पसरत नाही, तो घावाने भरावा लागतो. तयार नग डायमधून सुटावा म्हणून कोरीव आकाराच्या भिंती साधारण ५ ते ७ अंश उतरत्या ठेवतात, आणि हा ‘उतार’ पुस्तिकेत अवश्य समजावून सांगावा.

अर्थाच्या दृष्टीने डायला सर्वांत जवळचा मराठी शब्द ‘ठसा’ हाच आहे. टांकसाळीत नाणे पाडण्यासाठी जो कोरीव ठोकळा लागतो तो ठसा, आणि काम तेच आहे. आपण मात्र तो पंचाला दिला आहे, जिथे तो मुळीच बसत नाही. तरीही डायला ठसा म्हणावे असे मी सुचवणार नाही. ठसा म्हणजे उमटवणारे साधन आणि ठसा म्हणजे उमटलेली खूणही. स्क्रू पान्याच्या दांड्यावर कारखान्याचे नाव आणि माप उठावाच्या अक्षरांत असते, आणि ती अक्षरे डायमध्ये उलटी व खोलगट कोरलेली असतात. ‘ठशावरील अक्षरे तपासावीत’ असे लिहिले तर कामगाराने डाय पाहायची की नग, हे त्याला कळणार नाही. म्हणून ‘डाय’ हाच शब्द ठेवावा. पहिल्या उल्लेखात ‘फोर्जिंगची डाय’ असे पूर्ण लिहावे, कारण आटे पाडायची डाय वेगळी, पत्रा कापायची वेगळी आणि तार बारीक करायची वेगळी. (या शेवटच्या साधनाला सोनारांकडे ‘जंतर’ असा सुंदर शब्द आहे, पण तो येथे उपयोगाचा नाही.)

आता पंच. आपल्या वाक्यात पंच चुकीच्या टप्प्यावर आला आहे. पान्याला आकार देताना डायचे दोन अर्धे असतात, तिथे पंच नसतो. डाय पूर्ण भरावी म्हणून माल मुद्दाम थोडा जास्त घेतलेला असतो, आणि हा जादा माल दोन अर्ध्यांच्या फटीतून बाहेर येऊन नगाच्या कडेने पातळ झालर तयार होते. तिला सर्वत्र ‘फ्लॅश’ म्हणतात. ती काढण्यासाठी नग ट्रिमिंग प्रेसवर नेतात. तिथल्या डायला पान्याच्या बाह्यरेषेचीच धारदार कड असते. वरून पंच नगाला त्या कडेतून खाली ढकलतो, नग खाली पडतो आणि झालर वर राहते. पंचाचे दुसरे काम भोकांचे. दांड्याच्या टोकाला पाना टांगण्यासाठी जे भोक असते, ते फोर्जिंगमध्ये आरपार येत नाही, मध्ये पोलादाचा पातळ पडदा उरतो, आणि तो पंचाने पाडावा लागतो. तापल्या लोखंडाला भोक पाडायचा लोहाराचा सुंबा आणि हा पंच यांची जात एकच, पण प्रेसवर काम करणारा कोणी त्याला सुंबा म्हणणार नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन पटते, पण ‘घडाई’विषयी एक शंका आहे. सोनाराकडे घडाई म्हणजे मजुरी. ‘पान्याची घडाई किती?’ असे कोणी वाचले तर त्याला दर विचारला आहे असे वाटेल. शिवाय कारखान्यात हा शब्द मी ऐकलेला नाही. तिथे ‘फोर्जिंगचा माल’, ‘फोर्जिंग शॉप’ असेच म्हणतात.

प्रतिसाद

शंका रास्त आहे. नाम म्हणून ‘फोर्जिंग’च ठेवावे. हा उद्योग महाराष्ट्रात यंत्रांसकट आणि शब्दांसकट आला : पुण्याची भारत फोर्ज १९६१ मध्ये स्थापन झाली, आणि नाशिकच्या टपारिया टूल्सने १९६९ मध्ये हातअवजारांचे उत्पादन सुरू केले ते एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने. त्यामुळे यंत्रांची आणि टप्प्यांची नावे परकी राहिली. क्रियापदे मात्र आपलीच आहेत, आणि ती सोडण्याचे काहीच कारण नाही. ‘फोर्ज केले जाते’ असे लिहिण्यापेक्षा ‘घडवतात’ लिहावे. ‘ट्रिम केले जाते’ऐवजी ‘झालर कापून काढतात’ लिहावे. कडक करण्याच्या टप्प्यासाठी ‘पाणी देणे’ हा लोहारी प्रयोग तर फार नेमका आहे, आणि पोलाद पाण्याऐवजी तेलात बुडवले तरी तो रूढ आहे. पुस्तिकेत मात्र ‘तेलात बुडवून कडक करतात आणि मग पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा घालवतात’ असे उलगडून लिहावे, नाहीतर एखादा नवखा कामगार खरोखरच पाण्याची बादली आणेल.

वस्तूच्या नावाबद्दल : ‘पाना’ आणि ‘पान्हा’ दोन्ही लिहिले जाते. आईच्या पान्ह्याशी गोंधळ नको म्हणून मी ‘पाना’ लिहितो. ‘समायोज्य पाना’ लिहू नये, ‘स्क्रू पाना’ लिहावे. ज्या आट्यांच्या फिरकीने जबडा पुढेमागे सरकतो, तीच या नावात आलेली आहे. स्वीडनमधील एन्शॉपिंग येथील योहान पेटर योहान्सन यांनी १८९२ च्या पेटंटाने या अवजाराला आजचे रूप दिले. डेन्मार्कमध्ये त्याला ‘स्वीडिश किल्ली’ म्हणतात, तर स्पेनमध्ये ‘इंग्रजी किल्ली’. त्या मानाने आपले नाव कामाचे आहे.

आपले वाक्य मी असे लिहीन : ‘तापवलेला पोलादाचा तुकडा फोर्जिंगच्या खालच्या डायवर ठेवतात आणि वरच्या डायच्या घावांनी त्याला पान्याचा आकार देतात. कडेने आलेली फ्लॅशची झालर नंतर ट्रिमिंग प्रेसवर पंच व डाय यांच्या साहाय्याने कापून काढतात. सरकता जबडा याच पद्धतीने वेगळा घडवतात. त्याचे दाते आणि बसण्याची खाच पुढे यंत्रावर कापतात.’