सिझरनंतरचा सव्वा महिना : तुमचं कसं झालं?

रानजाई :
परवा मावसबहिणीला बघायला दवाखान्यात गेले होते. सिझरचा तिसरा दिवस. भेटायला आलेल्या एक काकू म्हणाल्या, "सुटलीस बाई, कळा तरी सोसाव्या लागल्या नाहीत." बहीण तेव्हा उताणी पडून, पोटाला जोर लावून उठायची धडपड करत होती. आधी कुशीवर वळायचं, पाय कॉटखाली सोडायचे आणि मग हाताच्या रेट्याने उठायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही सात वर्षांपूर्वी ते एका आयाबाईंनी शिकवलं होतं, तेही चौथ्या दिवशी.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरची होती, खासगी दवाखान्यांत तर निम्म्याच्या आसपास. इतक्या जणी यातून जातात आणि उठायचं कसं हे माहीत नसतं! सिझर गरजेचं होतं की नव्हतं हा वाद इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढा. टाके पडल्यावर काय झालं ते लिहा.

चिंचगूळ :
माझं पहिलं दुखणं टाक्यांचं नव्हतंच, गॅसचं होतं. पोट टाचणी लावली तर फुटेल असं तट्ट फुगलेलं. उजवा खांदाही दुखायला लागला, तोही गॅसमुळेच म्हणे. ऑपरेशननंतर आतडी सुस्तावतात, चालाल तशी जागी होतील, असं सिस्टरने सांगितलं. लघवीची नळी काढल्यावर तिनेच दंडाला धरून व्हरांड्यात चार पावलं चालवलं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा गावाहून फोन आला. बाळ कुणासारखं दिसतं वगैरे काही नाही, थेट "वारा सरला का?" नवऱ्याने "सरला" म्हटल्यावर तिकडे टाळ्या वाजल्या. मी हसले आणि टाक्यांतून कळ गेली. तेव्हापासून हसताना, खोकताना पोटाशी उशी घट्ट धरायची हे कळलं.

अकोलेकरीण :
माझी दोन्ही सिझर. पहिल्या वेळी आईने तूरडाळ बंद केली, भात बंद केला, टाके पिकतील म्हणून. मे महिना, अकोल्याचा! खोली बंद, कानाला रुमाल, खाटेखाली शेगडी, वर ओवा-शेपाची धुरी. नवव्या दिवशी टाक्यांतून पाणी यायला लागलं. "चोरून काय खाल्लंस?" अशी उलटतपासणी झाली. डॉक्टरांनी बघितलं तर परकराची नाडी नेमकी टाक्यांवर बसत होती, आणि घामाने ती जागा दिवसभर ओली. बारा दिवस ड्रेसिंग करून घ्यायला जात होते. डॉक्टर आईला म्हणाले, "डाळ, अंडी, सगळं द्या, जखम भरायला तेच लागतं. फक्त ती शेगडी बाहेर काढा."
दुसऱ्या वेळी आईने स्वतःच पंखा लावला. डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर मात्र दोन्ही वेळा झाली, त्याबद्दल तक्रार नाही.

बाबा_नवीन :
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? बायकोला दुसऱ्या दिवसापासून भयंकर डोकेदुखी. बसली की कवटी फुटेल अशी, आडवी झाली की दहा मिनिटांत गायब. कुणी म्हणे वारं बसलं, कुणी म्हणे दृष्ट लागली. भूलतज्ज्ञांनी बघताच ओळखलं : पाठीत सुई दिली होती तिथून मणक्यातलं पाणी झिरपतं, त्याने होतं. पडून राहा, पाणी भरपूर प्या, कॉफी घ्या. नाहीच थांबलं तर हातातलं थोडं रक्त काढून पाठीत टोचावं लागतं म्हणाले. ती वेळ आली नाही, पाचव्या दिवशी थांबलं. तोपर्यंत तिने बाळाला कुशीवर झोपूनच पाजलं.
एक चूक आमची : घरी बाळंतिणीची गादी जमिनीवर घातली होती. रात्रीतून पाच वेळा जमिनीवरून उठायचं! दुसऱ्याच दिवशी शेजारून लोखंडी कॉट आणली.

आशाताई_सोलापूर :
मी घरभेटी देते. सरकारी दवाखान्यात सिझर झालं तर सात दिवसांपर्यंत आईचं जेवण मोफत असतं, घरी सोडायला गाडीही मिळते. ते माहीत नसल्याने तिसऱ्या दिवशीच "सोडा" म्हणून मागे लागणारी घरं मी पाहिलीत. ४२व्या दिवसापर्यंत आम्ही येतो. ताप आहे का, टाक्यांना लाली-वास आहे का, एकच पोटरी सुजून दुखते का, अंगावरून जास्त जातंय का, हे विचारतो. खरी अडचण पाण्याची. एका सासूबाईंना सांगितलं, डोक्यावर हंडा द्यायचा नाही. पुढच्या भेटीला सून कमरेवर कळशी घेऊन येताना दिसली. "हंडा कुठंय?" म्हणाल्या! आता मी भांड्याचं नावच घेत नाही. बाळाहून जड काही उचलायचं नाही, एवढंच सांगते.

धुक्यातली :
इंग्लंडमध्ये झालं माझं. दुसऱ्या दिवशी घरी. पायात घट्ट मोजे आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दहा दिवसांची इंजेक्शनं हातात दिली, रोज आपली आपण टोचायची. मिडवाइफ घरी येऊन टाके बघून गेली, फार प्रेमाने बोलली. पण ती गेली की घरात मी, बाळ आणि वरच्या मजल्यावरचं बाथरूम. आईचा व्हिसा महिनाभर उशिरा आला. ती रोज व्हिडिओवर विचारायची, "पट्टा बांधलास का पोटाला?" इथे पट्ट्याचं कुणी नावही काढलं नव्हतं. शेवटी जुनी सुती ओढणी गुंडाळली. टाके त्याने लवकर भरले असं नाही, पण उठताना पोट खाली पडेल की काय ही भीती गेली.

कोरा_कागद :
माझं बाळ पायाळू, म्हणून तारीख ठरवून सिझर. पाचव्या दिवशी जिना चढले, काहीही त्रास नाही. हेही होतं, म्हणून लिहिलं.

उंबरठा :
मी चौदा तास कळा सोसल्या, मग बाळाचे ठोके उतरले म्हणून धावपळीत सिझर. म्हणजे दोन्ही झालं. तरी बारशाला एकीने विचारलंच, "नॉर्मल नाही जमलं?" दूध चौथ्या दिवशी उतरलं. तोवर मला वाटत होतं की माझ्याकडून काहीच धड होत नाहीये. बाळाला मांडीवर घेतलं की त्याच्या टाचा टाक्यांवर. मग एका सिस्टरने त्याला काखेखाली, पाय मागे करून धरायला शिकवलं, तेव्हा जमलं. आता दोन वर्षं झाली. टाक्यांच्या वर चार बोटं अजून बधिर आहेत. साडीच्या निऱ्या खोचताना हात लागतो, पण कळत नाही.

रानजाई :
बहिणीला सगळं वाचून दाखवलं. हंडा-कळशीला हसलीच, उशी धरून. ती विचारतेय, शिंक सांगून येत नाही, तेव्हा उशी कुठून आणायची?